कोर्टात न जाणारी वकिली: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलं की झोक्याआधी ओट्यावर बसावं लागतं. नाना, जिभाऊ, शेजारच्या काकू आणि नुकतीच बारावी दिलेला कुणाचा तरी मुलगा. सुरुवात ठरलेली: "तू वकील शे ना? मंग कोर्टमा काबर जात नही?" आणि शेवटही ठरलेला: "पॅकेज किती?" मी अमळनेर तालुक्यातली. सात वर्षं झाली, मुंबईतल्या एका मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये असोसिएट आहे. दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. फर्मचं नाव विचारू नका, सांगणार नाही. क्लायंटचं तर नाहीच नाही.

वकील असून कोर्टात जात नाही, मग करता तरी काय?

आपल्याकडे वकील म्हटलं की डोळ्यासमोर उज्ज्वल निकम येतात. जळगावचे, तिथल्याच मणियार लॉ कॉलेजात शिकलेले, १९९३चे बॉम्बस्फोट आणि २६/११ या खटल्यांत सरकारची बाजू मांडणारे. त्यामुळे काळा कोट आणि उलटतपासणी हीच वकिली, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. माझा काळा कोट वकिलीची सनद घेतली त्या दिवसाच्या फोटोत आहे. त्यानंतर तो कपाटातून तीन-चारदाच बाहेर आला.

आमचं काम डाळ मिलच्या उदाहरणाने सांगते. समजा जळगावात दोन भावांची डाळ मिल आहे आणि मुंबईचा एक गुंतवणूकदार तिच्यात ४० टक्के हिस्सा घ्यायचा म्हणतो. पैसे द्यायच्या आधी त्याला कळायला हवं की मिलची जागा कंपनीच्या नावावर आहे की थोरल्या भावाच्या? बँकेचं कर्ज किती आणि गहाण काय काय? कामगारांचा पीएफ भरलाय का? प्रदूषण मंडळाची संमती चालू आहे की मागच्या वर्षीच संपली? धाकट्याने कुणाला हमी दिलीय का? हे सगळे कागद एका ऑनलाइन कपाटात ठेवतात, त्याला डेटा रूम म्हणतात. आम्ही ते एकेक वाचतो आणि कुठे काय दुखतंय त्याचा अहवाल करतो. याला ड्यू डिलिजन्स म्हणतात, तोंडी भाषेत नुसतं 'डीडी'.

मग करार. हिस्सा किती किमतीला, पैसे कधी, पैसे यायच्या आधी भावांनी काय काय निस्तरायचं, उद्या एकाला विकायचं असेल तर दुसऱ्याला आधी विचारायचं का, जुनी थकबाकी नंतर निघाली तर कोण भरणार. भाऊ-भाऊ आज एका ताटात जेवत असतात, त्यामुळे असली कलमं वाचताना त्यांना राग येतो. "आमच्यात असं काही होणार नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त मान डोलावते. खान्देशात वाटणीचे दावे किती आणि किती वर्षं चालतात ते आपल्याला माहीत आहे. तो दावा उभाच राहू नये म्हणून आधी लिहून ठेवणं, हे आमचं काम.

अर्थात मोठ्या फर्ममध्ये कोर्टात जाणारी टीमही असते. दिवाळखोरी संहिता २०१६ साली आल्यापासून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढचं काम खूप वाढलं. कुणी आयपीओचे, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्याचे, कागद करतं, कुणी बँकांच्या कर्जांचे, कुणी स्पर्धा आयोगापुढचं काम बघतं. मी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत आहे.

लॉ फर्म म्हणजे कंपनीच ना?

नाही. भागीदारी. वकिलांना कंपनी काढून वकिली करता येत नाही, म्हणून कितीही मोठी फर्म असली तरी ती काही पार्टनरांची भागीदारी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, असते. खेतान १९११ साली कलकत्त्यात सुरू झाली. अमरचंद मंगलदास १९१७ची, २०१५ साली भावाभावांत वाटणी होऊन तिच्या सिरिल अमरचंद आणि शार्दूल अमरचंद अशा दोन फर्म झाल्या. वाटणी कुणाला चुकलीय? याशिवाय एझेडबी, ट्रायलीगल, जेएसए ही नेहमी कानावर पडणारी नावं. खालून वर पायऱ्या अशा: असोसिएट, सीनियर असोसिएट, प्रिन्सिपल असोसिएट, मग काउन्सेल किंवा पार्टनर. प्रत्येक ठिकाणी नावं थोडी वेगळी असतात.

म्हणजे ही नोकरी आहे की नाही?

इथं जरा थांबून वाचा, कारण हे कॉलेजात कुणी नीट सांगत नाही.

वकिलांसाठी नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की वकिली चालू असताना वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. म्हणून असोसिएट कागदावर फर्मचा 'कर्मचारी' नसतो. फर्म त्याच्याशी व्यावसायिक म्हणून करार करते आणि दरमहा जी रक्कम देते ती पगार नव्हे, व्यावसायिक फी. सकाळी साहेबांना विचारून रजा घ्यायची, पण कागदावर तुम्ही स्वतंत्र. गंमतच आहे.

याचे परिणाम मात्र रोजचे आहेत. दीड लाख ठरले तर दहा टक्के टीडीएस कापून १ लाख ३५ हजार हातात येतात. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. आयकराचं विवरणपत्र पगारदाराचं नाही, व्यवसायाचं भरायचं. ठरावीक मर्यादेपर्यंत मिळकत असलेल्या वकिलांना निम्मी मिळकत नफा धरून त्यावर कर भरायची सोय आहे. तिच्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत कर बराच कमी बसतो आणि कापलेल्या टीडीएसमधून काही परतही येतं. पण तो पैसा आपलाच, उशिरा आलेला. जीएसटीची भीती बाळगू नका, एका वकिलाने वकिलांच्या फर्मला दिलेली सेवा करमुक्त आहे.

गृहकर्जाला बँक पगारपत्रक मागते, ते तुमच्याकडे नसतं. मग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं दाखवायची. आणि मुंबईत भाड्याने घर बघताना ब्रोकरला आधी 'वकील' म्हणून सांगू नका, असा सल्ला मला पहिल्याच आठवड्यात मिळाला. घरमालक वकिलाला घर द्यायला घाबरतात, न जाणो उद्या खाली नाही केलं तर! मी खरंच सांगितलं आणि तीन घरं गेली. चौथ्या मालकीणबाई चाळीसगावच्या निघाल्या. त्यांनी विचारलं, "भरीत करता येतं का?" घर मिळालं.

बरं, पॅकेज किती?

पहिल्या फळीच्या फर्ममध्ये कॉलेजातून थेट निवड झालेल्याला वर्षाला साधारण पंधरा ते वीस लाखांच्या आसपास मिळतात. मधल्या फर्ममध्ये बरंच कमी, कुठे सहा, कुठे दहा. बोनस वेगळा, कधी असतो कधी नसतो.

समोर दुसरी बाजूही ठेवते. तालुका कोर्टात सीनियरकडे बसणाऱ्या नव्या वकिलाला काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. ते शिफारसवजा आहे. किती सीनियर ते पाळतात, हे आपापल्या कोर्टात विचारून बघा.

पण वीस लाख ऐकून आप्पांनी लगेच ट्रॅक्टरचं कोटेशन मागवू नये. मुंबईत खोली वाटून घेतली तरी महिना वीस-पंचवीस हजार जातात, त्यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता. पहिली दोन वर्षं हातात उरतं ते गावाला वाटतं त्याच्या निम्मंही नसतं.

दिवस कसा जातो?

सहा-सहा मिनिटांत. थट्टा नाही. आमची टाइमशीट असते. तासाचे दहा भाग, एक भाग सहा मिनिटांचा. सकाळी अमुक क्लायंटचा करार वाचला, १.४ तास. फोनवर चर्चा, ०.५. क्लायंटला बिल तासावर जातं, म्हणून प्रत्येक तुकड्याचा हिशोब लिहायचा. पहिल्या महिन्यात मी शुक्रवारी बसून आठवडाभराचं आठवून लिहायचे आणि दर वेळी पाच-सहा तास हरवायचे. बाजार समितीत काट्यावर माल न चढवता अंदाजाने वजन सांगण्यासारखं ते. रोजच्या रोज लिहा.

समजा फर्मने वर्षाला १,८०० बिलाचे तास मागितले. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वजा करून २४० दिवस धरले, तर दिवसाला साडेसात तास होतात. ऐकायला काहीच नाही. पण साडेसात तास बिलात घालायला दहा-अकरा तास ऑफिसात जातात. जेवण, अंतर्गत बैठका, प्रिंटर अडकणं, पार्टनरची वाट बघणं, यातलं काही बिलात बसत नाही. शिवाय काम सारखं वाहत नाही. दोन आठवडे माशा मारायच्या आणि तिसऱ्या आठवड्यात तीन सौदे एकदम अंगावर.

रात्री दोन-दोन वाजतात हे खरं आहे का?

हो. रोज नाही, पण व्यवहार पुरा होतो त्या आठवड्यात नक्की. त्याला आम्ही क्लोजिंग म्हणतो.

माझी पहिली क्लोजिंग अशी: टेबलावर सह्यांच्या पानांचे एकवीस गठ्ठे, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी. एका संचालकाची सही सुरतहून यायची होती, ती स्कॅन होऊन आली तेव्हा पान १४ ऐवजी पान १५ वर सही. माणूस झोपलेला. त्याच्या मुलाला फोन करून उठवायला लावलं. दरम्यान करारात शेवटच्या क्षणी एक कलम वाढलं, त्यामुळे त्यानंतरच्या सगळ्या कलमांचे आकडे एकने सरकले आणि "कलम ८.३ प्रमाणे" असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे ते चुकीचं झालं. संगणक आपोआप बदलतो म्हणतात, सगळीकडे बदलत नाही. एकशे बारा पानं मी बोटाने आकडे धरून वाचली. पहाटे चार वाजता कँटीनच्या मशीनचा चहा घेऊन बसले आणि आईने दिलेले ज्वारीचे बिबडे कोरडेच खाल्ले. शेजारी बसलेल्या दिल्लीच्या मुलाने एक उचलला, मग डबाच संपवला.

सकाळी दहाला पैसे आले आणि पार्टनरने 'थँक्स ऑल' असा दोन शब्दांचा मेल टाकला. जेवढं कौतुक मिळतं ते एवढंच, जास्तीची अपेक्षा ठेवू नका. मला मात्र त्या दिवशी आपण काहीतरी पार पाडलं असं वाटलं होतं, हे कबूल करते.

तब्येतीचं विचाराल तर पाठ, डोळे आणि झोप, या तिन्हींची किंमत मोजावी लागते. मला तिसऱ्या वर्षी सहा महिने नीट झोप लागत नव्हती आणि मी कुणाला सांगितलं नाही, हा मूर्खपणा होता. सांगितल्यावर काम कमी झालं नाही, पण वाटून मिळालं.

मराठी माध्यमात शिकले तर जमेल का? इंग्रजीचं काय?

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. पहिल्या बैठकीत मी चाळीस मिनिटं गप्प बसले आणि शेवटी 'सर, पेज नंबर?' एवढंच बोलले. उच्चारांवरून कुणी हसलं का? हसलं, एक-दोघं. ते पुढे वर्षभरात सोडून गेले, त्याचा माझ्या उच्चारांशी संबंध नाही.

या कामात बोलण्यापेक्षा वाचणं आणि लिहिणं नव्वद टक्के आहे. तेही ललित इंग्रजी नाही. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि एकदा ज्याला 'शेअर्स' म्हटलं त्याला शेवटपर्यंत 'शेअर्स'च म्हणायचं. फाडफाड बोलणारी पण कलम शेवटपर्यंत न वाचणारी माणसं मी बघितलीत, ती लवकर उघडी पडतात. तुम्ही रोज एखादं अर्थविषयक इंग्रजी दैनिक वाचा आणि एखाद्या कंपनीचा आयपीओचा मसुदा शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावरून उतरवून त्यातला 'जोखीम' हा भाग वाचा. फुकट आहे. चार महिन्यांत फरक कळेल.

गावाकडचं काही कामाला येतं का?

याचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून लांबवते.

मी रुजू होऊन दोन महिने झाले होते. एक कंपनी दुसरी विकत घेत होती, दुसरीच्या पवनचक्क्या उत्तर महाराष्ट्रात होत्या. तालुका सांगत नाही, पण साक्री-ब्राह्मणवेलकडून जाताना डोंगरावर पाती फिरताना दिसतात तसलाच मुलूख समजा. जमिनीच्या कागदांची इंग्रजी भाषांतरं आली होती आणि त्यावरून अहवाल जवळजवळ तयार होता. मला फक्त पानांचे आकडे जुळवायला दिले होते. मी उगाच मूळ मराठी सातबारे उघडले.

एका गटावर खातेदार तीन भाऊ आणि खाली 'इतर हक्क' या रकान्यात बारीक अक्षरात दोन बायकांची नावं. भाषांतरात तो रकानाच नव्हता. भाषांतरकाराला ते बँकेचा बोजा वगैरे टाकायचं अडगळीचं खातं वाटलं असावं. पण मला ती जागा ओळखीची होती, कारण आमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर माझ्या दोन्ही आत्या वर्षानुवर्षं तिथेच बसलेल्या होत्या. बाप वारला की मुलांची नावं वर आणि मुलींची 'इतर हक्कात', हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर ठीक. दिलं नसेल तर भावांनी विकलेल्या जमिनीत बहिणींचा हिस्सा तसाच शिल्लक.

सीनियरकडे गेले. तो मूळचा चेन्नईचा, त्याने विचारलं, "यू आर शुअर?" मी फेरफार काढायला सांगितले. अकरा गटांत असंच निघालं, त्यातल्या चारांत हक्कसोडपत्र नव्हतं. आणखी दोन गटांची जमीन मूळ आदिवासी खातेदाराची होती. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि विक्रीला त्याआधी सरकारची मान्यता. धुळे-नंदुरबारच्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. सौदा मोडला नाही. काही रक्कम बाजूला राखून ठेवली गेली आणि विकणाऱ्याकडून भरपाईची वेगळी हमी घेतली. पण त्यानंतर महाराष्ट्रातल्या जमिनीचं काही आलं की फाइल माझ्याकडे येऊ लागली.

सांगायचं एवढंच की ज्याने घरात सातबारा, खातेउतारा, सोसायटीचं कर्ज आणि जिनिंगवाल्याची पट्टी वाचलीय, त्याला कागद संशयाने वाचायची सवय आधीच लागलेली असते. फर्ममध्ये तीच सवय इंग्रजीत वापरायची असते.

शिक्षण कुठून घ्यायचं?

दोन वाटा: बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती फक्त इंग्रजीत होते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी विद्यापीठं आहेत. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५चं आणि पुण्याचं आयएलएस १९२४चं, यांना आणि राज्यातल्या बाकी कॉलेजांना राज्याची प्रवेश परीक्षा, एमएच-सीईटी, चालते. ती मराठीतही देता येते.

एक गोष्ट जाड अक्षरात वाचा. क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरात होते, म्हणजे तुम्ही बारावीत असतानाच. आपल्याकडची मुलं निकाल लागल्यावर जूनमध्ये मला फोन करतात, "ताई, क्लॅटचा फॉर्म कधी?" तेव्हा गाडी भुसावळ सोडून गेलेली असते. अकरावीत ठरवा.

फी विद्यापीठात वर्षाला अडीच-तीन लाखांच्या पुढे जाते. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या आधी बघा, कर्ज नंतर.

मोठ्या विद्यापीठात नंबर नाही लागला तर?

अवघड, पण बंद नाही. मोठ्या फर्म काही ठरावीक कॉलेजांत चौथ्या वर्षीच जाऊन मुलं उचलतात, हे खरं आहे आणि मला ते अन्यायाचंही वाटतं. बाकीच्यांसाठी दार म्हणजे इंटर्नशिप. चार-सहा महिने आधी अर्ज करा, एका पानाचा बायोडेटा, त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नको. दुसरी वाट म्हणजे मधल्या फर्ममध्ये दोन-तीन वर्षं चोख काम करून मग वर जाणं. तिसरी, कंपनी सेक्रेटरी आणि एलएलबी असं दोन्ही करणं. जळगावातून ते घरी राहून जमतं आणि कंपनी कायद्याच्या कामात त्याला मान आहे.

सनद लागते का?

लागते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करायची. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की नोंदणीची फी कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण गटाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मग अखिल भारतीय बार परीक्षा. शंभर प्रश्न, टिपा नसलेली, नुसत्या मूळ कायद्यांची पुस्तकं सोबत नेता येतात. नोकरी लागली म्हणून ती पुढे ढकलू नका.

चूक झाली तर काढून टाकतात का?

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी समोरच्या बाजूच्या वकिलांना कराराचा मसुदा पाठवला आणि त्यात समासातल्या आमच्या आतल्या टिपा तशाच राहिल्या. एक टीप माझीच होती: "क्लायंट इथपर्यंत खाली येईल." मेल गेल्यावर पाठवलेला मेल उघडून बघायची मला सवय आहे, म्हणून चार मिनिटांत कळलं. हात गार पडले.

पहिला विचार आला की कुणी बघितलंच नसेल. दुसरा विचार यायच्या आधी मी सीनियरच्या केबिनमध्ये होते. त्याने समोरच्या वकिलाला फोन लावला, तो मेल न उघडता काढून टाकायला सांगितलं, त्यांनी तसं लेखी कळवलं. मग क्लायंटला सांगितलं, म्हणजे पार्टनरने सांगितलं आणि मी शेजारी बसून ऐकलं. बोलणी खाल्ली. काढलं नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या टीममधल्या एकाने छोटीशी तारखेची चूक तीन दिवस लपवली, त्याला मात्र जावं लागलं.

एखाद्या कंपनीची आतली बातमी असेल तर सांग ना, शेअर घेऊन ठेवतो.

नाही, जिभाऊ. सूचिबद्ध कंपनीची न जाहीर झालेली माहिती सांगणं आणि त्यावर शेअर घेणं, दोन्ही सेबीच्या २०१५च्या नियमांत गुन्हा आहे. ही माहिती कुणाकुणाला कळली त्यांची नावं पॅन क्रमांकासकट नोंदलेली असतात, त्यात माझं असतं. लग्नात, पंगतीत, गाडीत फोनवर, कुठेच बोलता येत नाही. "काय चाललंय सध्या?" यावर माझं उत्तर "कागद वाचतेय" हेच राहील. कृपया राग मानू नका.

मुलीला पाठवावं का? रात्री उशिरा घरी कशी येते?

फर्मची गाडी असते, रात्री ठरावीक वेळेनंतर दारापर्यंत. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कंत्राटी आणि शिकाऊ लोकांनाही लागू आहे, तिथे 'कर्मचारी नाही' ही सबब चालत नाही. तक्रार समितीत कोण, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. बाळंतपणाच्या रजेचं मात्र फर्मचं धोरण काय आहे ते लेखी मागा, कारण आपण कागदावर कर्मचारी नाही. वर चढताना बायका कमी होत जातात, हे मी डोळ्यांनी बघतेय.

एआयमुळे हे काम राहील का?

कच्चं वाचन बरंच यंत्र करतं आता. 'इतर हक्क' रकान्यातली आत्या त्याला सापडेल का, हे मी अजून तपासलेलं नाही. तुम्ही एवढं पाळा: क्लायंटचा कागद फुकटच्या कुठल्याही चॅटमध्ये टाकू नका.

नंतर गावी परत येता येतं का? जज होता येतं का?

बरेच जण चार-पाच वर्षांत फर्म सोडतात. त्यातले अर्धेअधिक कंपन्यांच्या कायदा विभागात जातात. आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेली जैन इरिगेशनसारखी कंपनी जळगावातच आहे, पण अशा जागा थोड्या. धुळे, जळगाव, नंदुरबारची उच्च न्यायालयातली प्रकरणं औरंगाबाद खंडपीठात जातात, तिथे करारांची आणि कंपन्यांची समज असलेल्या वकिलाला काम मिळतं. माझा एक बॅचमेट तसा परत गेलाय, कमाई निम्मी झाली आणि तो जाडा झालाय.

जज व्हायचं असेल तर आधीच ठरवा. दिवाणी न्यायाधीश परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा आणली. तुम्ही अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. नुसते करार वाचून कोर्टाचा सराव होत नाही, हेही लक्षात घ्या.

लग्नाचं कसं?

स्थळं येतात. मुलाकडचे विचारतात, "परमनंट आहे का?" आमचे आप्पा खरं सांगतात, "नाही, भागीदारीत व्यावसायिक आहे." मग ते पुन्हा विचारतात, "म्हणजे खासगी?" नियम ४९ त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलंय, अजून कुणाला पटलेलं नाही.

कानबाईला तरी येशील का यंदा?

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली देवी. रविवारी ती बसते आणि सोमवारी विसर्जन, म्हणजे सोमवारची रजा लागते. मागच्या वर्षी आले, पण रोटांचं पीठ मळता मळता फोन आला आणि ओसरीवर लॅपटॉप उघडून बसावं लागलं. समोर कानबाई, मागे आई, आणि स्क्रीनवर लंडनचा वकील विचारतोय की हा ढोल कसला. यंदा लॅपटॉप मुंबईत ठेवून येणार आहे. रजेचा अर्ज टाकलाय, मंजुरी यायचीय.